चिठ्ठी निघाली की निघाली

किस्से जमवायला काही कष्ट लागत नाहीत हो. एका कॉलेजात वर्षानुवर्षं चहा पीत बसायचं, बाकीचं लोक आपोआप करतात! बीडला आमच्या कॉलेजच्या मागं चहाची टपरी आहे. तिथल्या बाकड्यावर आम्ही तिघं बसायचो आणि उठताना एखादा किस्सा तयार झालेला असायचा. आता तिथं पहिल्यासारखं हसणं होत नाही, म्हणून आज तुम्हाला धरलंय. बसा, चहा सांगतो.

तिघं म्हणजे एक मन्मथ शेटे, प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. विषशास्त्रात संशोधन, त्यामुळं पोरं त्याला ‘जहर सर’ म्हणायची. दुसरा बाळू. आष्टीकडच्या धनगराचा पोरगा, अकरावी-बारावीला शेटेचा विद्यार्थी, आता बीडमध्ये कॅन्सरचा डॉक्टर. आणि तिसरा मी. माझा विषय शुद्ध गणित.

"शुद्ध म्हंजे ज्याचा कुणाला काडीचा उपयोग न्हाई असं," ही शेटेची व्याख्या. मला तो ‘आकड्या’ म्हणायचा. "मी जहर देतो, बाळू उतारा देतो, आन् आकड्या नुसता बघत बसतो!"

* * *

शेटेचं घर लिंगायत. घरात अंडंसुद्धा चालत नाही, आणि ह्याच्या प्रयोगशाळेत टाक्या भरून रोहू माशाची पिल्लं! त्याचे वडील आप्पा, आष्टीला किराणा दुकान. एकदा पोराचं कॉलेज बघायला आले आणि टाक्यांसमोर थबकले.

"खायचे न्हाईत ना रे?"

"न्हाई आप्पा. शिव शिव!"

"इकायचे हायेत?"

"न्हाई."

"मंग आणले कावून?"

शेटेनं विचार केला, बापाशी खोटं कशाला बोला. म्हणाला, "मारायला."

आप्पांनी टोपी नीट केली आणि थेट कपिलधारच्या देवळाची गाडी धरली. संध्याकाळी घरी येऊन सुनेला म्हणाले, "देवाला सांगून आलो. पोरगं माझं हाय, धंदा माझा न्हाई!"

शेटेचं काम खरं तर भल्याचंच होतं. कापसावर मारलेलं औषध पावसानं वाहून तळ्यात जातं. किती औषधानं तळ्यातले अर्धे मासे मरतात, ते शोधायचं. त्यांच्या शास्त्रात विषाचं माप असं ‘अर्ध्या’वर ठरतं. मी विचारायचो, "अर्धेच का?" तर म्हणायचा, "सगळे मेल्यावर शिकायला काय उरतंय बे?"

* * *

माझी गत ऐका. मी युसूफ वडगावचा. गावी गेलो की पारावरच्या मंडळींना माझ्या संशोधनाची फार काळजी. एकदा आमच्या भावकीतल्या तात्यांनी विचारलंच, "सर, तुमी इतकी वर्षं शोधताव काय?"

म्हटलं, "मूळ संख्या."

"त्या घावत न्हाईत का?"

"घावतात. पण एक घावली की पुढची किती लांब असेल, ते सांगता येत नाही."

तात्या गंभीर झाले. "म्हंजे आमच्या बोअरच्या पाण्यावाणीच म्हना की!" मग माझ्याकडं सरकून हळूच म्हणाले, "पाणी हुडकताना ठिवत्यात तसा हातावर नारळ ठिवून बघितला का?"

हे मी टपरीवर सांगायला नको होतं! त्यानंतर माझा पेपर परत आला की शेटे आणि बाळू दोघं एका सुरात म्हणायचे, "नारळ ठिवला न्हाईस!"

* * *

बाळूनं एकदा स्वतःच्या गावात कॅन्सरवर भाषण ठेवलं. बायकांची गर्दी जमली. बाळू पोटतिडकीनं सांगत होता, "तंबाखू खाऊ नका, मिसरी लावू नका. मिसरी म्हंजे भाजलेली तंबाखूच हाय. दात घासायला म्हणून घेता आन् तोंडाला कॅन्सर होतो." पहिल्या रांगेत बाळूची आई बसलेली. तिनं सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

"माझ्या बाळूनं लई झ्याक सांगितलं!" असं म्हणून माउली वळून हसली, तर दात काळेकुट्ट, आणि टाळ्या वाजवणाऱ्या हातात मिसरीची डबी!

बाळू कपाळाला हात लावून खाली बसला. आई म्हणते, "अरं, ते तू लोकास्नी सांगत होतास ना?"

हसून हसून आम्ही चहा सांडला. बाळू मात्र हसला नाही. म्हणाला, "सर, दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईत मला आई दिसती. आन् सगळ्या उशिरा येतात." तेव्हा आम्ही ते ऐकून सोडून दिलं.

* * *

आता शोभावहिनींचा किस्सा. वहिनी म्हणजे शेटेची बायको.

टाक्यांत मासे टाकताना शेटेचा एक कडक नियम होता. जाळीत जो मासा आधी सापडतो, तो सुस्त असतो. तोच विषाच्या टाकीत गेला तर मरणारच, मग दोष विषाचा का माशाचा? म्हणून प्रत्येक माशासाठी चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवर कमी, मध्यम, जास्त किंवा ‘कंट्रोल’. कंट्रोल म्हणजे साध्या पाण्याची टाकी, तिच्यात विष नाही. ह्या चिठ्ठ्या वहिनी लिहायच्या आणि वहिनीच काढायच्या. शेटे म्हणायचा, "पोरांचा भरवसा न्हाई. हिचा हात कुणाच्या बाजूचा न्हाई." डबा घरचाच, स्टीलचा, एके काळी शेंगदाण्याच्या चटणीचा. त्यामुळं सगळ्या चिठ्ठ्यांना लसणाचा वास!

एकदा एक पिल्लू वहिनींच्या मनात भरलं. शेपटीवर पांढरा ठिपका, बोट लावलं की काचेशी यायचं. त्याची चिठ्ठी निघाली, ‘जास्त’.

"अहो, एवढ्याची दुसरी काढू?"

"चिठ्ठी निघाली की निघाली," शेटे म्हणाला. "एकाला वाचवलं तर प्रयोग खोटा पडतो."

वहिनींनी मासा टाकीत सोडला आणि पदरानं हात पुसले. "एक दिवस मी सगळ्यास्नी कंट्रोलमधी टाकते का न्हाई बघा!"

शेटेची भाकरी काही दिवस करपलेली यायची.

* * *

पुढं कॉलेजात तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांचा हुकूम, सगळं चकाचक पाहिजे! कुणीतरी उत्साहानं प्रयोगशाळेच्या दाराजवळची टाकी फिनेलनं घासून काढली, पाणी भरलं आणि मासे परत सोडले. ती नेमकी कंट्रोलची. सकाळी बघतो तर तिच्यातले सगळे मासे पालथे, आणि विषाच्या टाक्यांतले बरेचसे मजेत पोहतायत!

शेटे धावत प्राचार्यांकडं गेला. "सर, विष दिलेले जगले, न दिलेले मेले!"

प्राचार्य फायलीतून मान वर न करता म्हणाले, "अरे वा! मग छापा की लगेच."

स्टाफरूममध्ये हशा पिकला. शेटे त्या टाकीशेजारीच बसून होता. मला म्हणाला, "आकड्या, जहर देऊन मेला तर तो माझा प्रयोग. ह्यांना तर मी राखायचं कबूल केलतं." वहिनींनी ते मासे पाटीत घेतले आणि कॉलेजच्या आवारातल्या लिंबाखाली पुरले.

* * *

आणि मग वहिनींनाच कॅन्सर निघाला. छातीत गाठ होती. दुखत नाही म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. बाळूनं तपासलं आणि बाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. एवढा मोठा डॉक्टर! उपचार झाले, थोडं बरं वाटलं, पुन्हा उलटलं.

मोठ्या शहरातल्या ज्या दवाखान्यात बाळू अधूनमधून जायचा, तिथं एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. नेहमीचं औषध सगळ्यांना. त्याच्या जोडीला अर्ध्या पेशंटना नवं औषध, अर्ध्यांना तसंच दिसणारं साधं सलाईन. कोण कुठल्या गटात, ते संगणक ठरवणार. पेशंटला कळत नाही आणि डॉक्टरलाही कळत नाही.

टपरीवर शेटे बाळूच्या हाताला धरून म्हणाला, "बाळू, एक काम कर. हिला नव्या औषधाच्या गटात घाल."

"सर, ते माझ्या हातात न्हाई."

"तू मनावर घे. तुझी तिथं वळख हाय."

"सर, एकाला हातानं आत घातलं की सगळी चाचणी खोटी पडती. तुमीच शिकवलंय मला."

"मी माशांचं शिकवलं होतं बे!" शेटे एवढ्यानं ओरडला की टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

बाळू मान खाली घालून उभा राहिला, पण ‘हो’ म्हणाला नाही. शेटे माझ्याकडं वळला. "आकड्या, तू सांग. नवं औषध मिळायची शक्यता किती?"

मी मूर्ख. खरं उत्तर दिलं. "अर्धी."

"अर्ध्या बायकोचं मी काय करू?"

त्या दिवसापासून शेटेनं बाळूशी बोलणं टाकलं.

* * *

चाचणीच्या कागदावर सही करायला आम्ही सगळे शहरात गेलो. शेटे खिडकीकडं तोंड करून उभा. वहिनींनी बाळूला विचारलं, "बाळू, त्या दुसऱ्या बाटलीत काय असतंय रं?"

"साधं सलाईन, काकू."

"म्हंजे इथं कुणालाच जहर न्हाई?"

बाळू कसनुसं हसला. "काकू, खरं सांगू? नेहमीचं औषध म्हंजे जहरच हाय. मापात दिलेलं."

वहिनी शेटेकडं बघून म्हणाल्या, "ऐकलं का? शेवटी माझी बी टाकी झाली!" एकट्याच हसल्या. मग सही केली आणि आवाज चढवून म्हणाल्या, "आता चिठ्ठी निघाली की निघाली. माझ्या मागारी बाळूला तरास द्यायचा न्हाई."

शेटेनं मान वळवली नाही.

नंतर मी भेटायला गेलो की वहिनी पलंगावर बसलेल्या असायच्या. एका हाताला सुई, दुसऱ्या हातानं बारीक चिठ्ठ्या लिहून घड्या घालत.

"वहिनी, पडा की जरा!"

"चिठ्ठ्या लिव्हायला काय जोर लागतो? दिवाळीनंतर ह्यांचे मासे येतील. मंग कोण करून देणार?" डबा मांडीवर, आणि झाकण कायम घट्ट.

उन्हाळ्यात वहिनी गेल्या. त्या कुठल्या गटात होत्या ते आम्हाला कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. मातीला बाळू आला होता, गर्दीच्या मागं लांब उभा होता. शेटे त्याच्या समोरून गेला आणि थांबला नाही. मला दोघांचाही राग आला, आणि दोघांची दयाही आली.

* * *

दिवाळीनंतर मासे आले. शेटेचा हा निवृत्तीआधीचा शेवटचा प्रयोग. टाक्या भरल्या, तीन टाक्यांत मापानं कापसावरचं औषध घातलं, चौथी साध्या पाण्याची. मी स्टुलावर बसलो होतो. शेटे वहिनींचा डबा हातात घेऊन नुसता उभा. झाकण काही उघडेना.

"मी काढू का?" मी विचारलं.

"तुझा हात लई मऊ हाय आकड्या. तू रडशील." मग म्हणाला, "बाळूला बोलाव."

बाळू ओपीडी सोडून आला. दाराशी बूट काढले आणि तिथंच उभा राहिला, अकरावीत राहायचा तसा. शेटेनं डबा त्याच्यापुढं धरला.

"काढ. तुझा हात कुणाच्या बाजूचा न्हाई."

बाळूचे डोळे भरून आले. त्यानं झाकण काढलं. लसणाचा वास आला. त्यानं पहिली चिठ्ठी उघडून वाचली, "कंट्रोल." शेटेनं जाळीतला मासा साध्या पाण्यात सोडला.

दुसरी चिठ्ठी. "कंट्रोल."

तिसरी. "कंट्रोल."

चौथी उघडून बाळू थांबला. त्यानं डब्यात हात घालून मूठभर चिठ्ठ्या काढल्या, टेबलावर एकेक उलगडल्या. सगळ्यांवर वहिनींचं तेच तिरकं अक्षर, आणि तोच एक शब्द. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग शेटेकडं.

"सर," तो म्हणाला, "काकूंनी सगळ्याच..."

शेटेनं जाळी पाण्यात घातली, पुढचा मासा उचलला आणि बाळूपुढं धरला.

"चिठ्ठी निघाली की निघाली," तो म्हणाला. "टाक."