आंद्रे हुडाकच्या पदकाची नक्कल

आमच्या पदकवाल्यांच्या मंडळात सगळ्यांचा जीव सैनिकी पदकांवर. कुणाकडे पाणबुडीवाल्यांची, कुणाकडे वैमानिकांची. डेल्बर्ट झूक तेवढा वेगळा. टपाल पोचवणारे, आगी विझवणारे, बुडणाऱ्यांना ओढून काढणारे, सरकारी कचेरीत तीस वर्षं इमानाने टंकलेखन करणाऱ्या बायका, अशा साध्यासुध्या लोकांना मिळालेली पदकं तो गोळा करायचा. क्लाइड आमचा अध्यक्ष. तो दर बैठकीला विचारायचा, "काय डेल, आज काय आणलंस? वेळेवर कचरा उचलल्याबद्दलचं?"

"सापडलं की तुलाच आधी दाखवतो," डेल म्हणायचा. "तुझ्या दारचा कचरा उचलणाऱ्याला तर सोन्याचंच द्यायला हवं."

मी नोरीन, त्याची शेजारीण. माझा नवरा नाण्यांच्या नादाने या मंडळात शिरला होता. तो गेला, नाणी विकली, पण चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा सगळ्यांसाठी कॉफी करायचं काम माझ्या गळ्यात राहिलं ते राहिलंच. डेलने जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. लग्न केलं नाही. करणार तरी कोण? त्याच्या घरात बसण्यासारखी खुर्ची एकच, बाकीच्यांवर पदकांचे डबे.

त्याचा खरा अभिमान पदकांचा नव्हता, पदकाखालच्या पुठ्ठ्याचा होता. माणसाशिवाय पदक म्हणजे कोटाचं तुटलेलं बटण, असं तो म्हणायचा. म्हणून पदकावर नाव कोरलेलं असलं की हा त्या माणसाचं गाव शोधायचा, घरच्यांना गाठायचा, एखादा फोटो मिळवायचा आणि मग सुबक अक्षरात सगळी हकिकत पुठ्ठ्यावर लिहायचा. त्यात एक अक्षर खोटं चालायचं नाही. एका वर्षी आमच्याच एका सभासदाने नकली पदक अस्सल म्हणून मांडलं, तर डेलने भर प्रदर्शनात त्याचा पुठ्ठा उलटा करून ठेवला. तो बिचारा पुन्हा मंडळात आला नाही. मला तेव्हा डेलचा रागच आला होता. खरेपणाचीसुद्धा माणसाला मस्ती चढते.

आणि एक नियम या सगळ्या पदकवाल्यांचा. पदक बाजारात आलं म्हणजे घरच्यांनी ते सोडलं. हे ते इतकं धरून चालतात की विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. डेलचं पाऊल नेमकं तिथेच चुकलं.

बटणांच्या एका डब्यात त्याला खाणकामगारांच्या संघटनेचं बचाव पदक मिळालं. विकणाऱ्याने ते दुसऱ्याकडून घेतलेलं, त्याने तिसऱ्याकडून. लहानसंच, पण सोन्याचं. मागे आंद्रे हुडाक हे नाव. कडेला दोन बारीक खळगे होते, त्यावरून डेल चार दिवस हळहळत होता. "कुणा गाढवाने पकडीत धरलं असणार," म्हणाला. तरी असं पदक त्याच्याकडे दुसरं नव्हतं. मे महिन्यातल्या प्रदर्शनात पहिला नंबर आपलाच, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं.

हुडाक डोंगरापलीकडच्या एका खाणगावातला निघाला. खाणीत पाणी भरलं तेव्हा हा माणूस पुन्हा पुन्हा खाली उतरला होता आणि दर वेळी कुणाला ना कुणाला घेऊन वर आला होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण मुलगी व्हेरोना तिथल्याच वृद्धाश्रमात होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्य काढलं, त्यामुळे सगळं गाव तिला मिस व्हेरोना म्हणायचं. डेलच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून गाडी मी चालवली. जाताना मी पोळीत अक्रोडाचं सारण गुंडाळून करतात तो गोड रोल भाजून नेला.

मिस व्हेरोनाला जवळजवळ दिसत नव्हतं. पण जिभेला काही झालं नव्हतं. एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अक्रोड घालताना हात आखडलास बाई तू."

"महाग झालेत हो," मी म्हटलं.

"मग पोळी पातळ लाटायची. जाड पोळीत गरिबी दिसते."

डेल खो खो हसला. त्याला ती आवडलीच. तिने वडिलांच्या गोष्टी सांगितल्या, धाकट्या भावाच्या सांगितल्या. भाऊ एमिल दर रविवारी डोनट घेऊन यायचा. "त्याच्याशिवाय मला कोण आहे?" ती म्हणाली. डेलला आता राहवेना. त्याने खिशातून पदक काढलं आणि वाढदिवसाची भेट द्यावी तसं तिच्या तळहातावर ठेवलं.

"ओळखा बरं."

तिने बोटांनी चाचपलं. मागची अक्षरं अंगठ्याने वाचली आणि तिचा चेहरा उतरला.

"हे तुमच्याकडे कसं?" ती म्हणाली. "हे बाबांबरोबर पुरलंय. मी स्वतः लावलं होतं त्यांच्या कोटाला. आमच्या चर्चच्या मंडळाची दुहेरी फीत, मयताला लावतात तशी काळ्या बाजूने वर, आणि तिच्याखाली हे. मग मला भोवळ आली म्हणून मला बाहेर नेलं. झाकण लावेपर्यंत एमिल होता ना तिथे, एकटा."

 मी डेलकडे पाहिलं. पुरलेली वस्तू बाजारात कशी आली, हे त्याला कळलं होतं. मलाही. आणि आपण काय करून बसलो तेही. या बाईला जगात एक भाऊ, आणि आम्ही अक्रोडाचा रोल खात खात तो तिच्याकडून काढून घ्यायला निघालो होतो.

"मिस व्हेरोना," डेल म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. "ही नक्कल आहे. तेव्हा संघटना कचेरीत लावायला एक जादा बनवून घ्यायची. ते हे."

"नक्कल?"

"हो. अस्सल तुमच्या बाबांपाशीच आहे."

तिने पदक परत दिलं नाही. अंगठा कडेवरून हळूहळू फिरवत राहिली. एका जागी थांबली. मग पुढे गेली, पुन्हा तिथेच आली.

"छान केलीय नक्कल," ती म्हणाली आणि पदक त्याच्या हातात दिलं. "रोल राहू दे इथे. एमिलला आवडेल."

 परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर डेल म्हणाला, "नोरीन, मी थडगं उकरलं. कुदळसुद्धा न लावता."

"तुला काय माहीत होतं?"

"विचारायचं होतं. आधी विचारायचं, मग खिशात हात घालायचा. मला शाबासकी हवी होती ना!"

मी त्याची समजूत घालायला गेले नाही. खरंच होतं ते.

मे महिन्यात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. डेलने पदक मांडलं आणि खाली पुठ्ठ्यावर लिहिलं, आंद्रे हुडाक यांच्या पदकाची नक्कल. आमच्या खाणगावांत बातमी पोचायला वेळ लागत नाही, त्या हॉलमध्ये कुणीही येऊन मिस व्हेरोनाच्या कानावर घालू शकलं असतं. क्लाइड भिंग घेऊन पंधरा मिनिटं वाकून बसला.

"डेल, वेडा झालास का? हे अस्सल आहे. आंधळाही सांगेल!"

"नक्कल आहे."

"अरे, सोनं आहे हे! तूच मला मागच्या महिन्यात..."

"चुकलो होतो. नक्कल आहे, क्लाइड."

नंबर गेला तो गेलाच. वर, ज्याला अस्सल-नकली ओळखता येत नाही तो इतरांचे पुठ्ठे उलटे करतो, अशी कुजबुजही झाली. डेल खाली मान घालून ऐकत होता. मला वाटतं, त्याला ते बरं वाटत होतं. अपराधी माणसाला कुणीतरी दोन शिव्या दिलेल्या हव्याच असतात. नंतर ज्याचा पुठ्ठा उलटा केला होता त्याच्या घरी जाऊन तो माफी मागून आला. पण डेलचं जेवणावरचं मन उडालं ते उडालंच. पदक परत द्यावं तर तिला सगळं कळणार, ठेवावं तर ते डोळ्यांसमोर. त्याने ते मोज्यात गुंडाळून कपाटात टाकलं.

हिवाळ्याच्या तोंडावर मिस व्हेरोनाचा फोन आला. मी तिथेच होते. तिचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

"झूक, ती नक्कल आहे का अजून?"

"आहे."

"नकलीला बाजारात काय भाव येणार? मी गेले की मला दे ती. पण तू लावायची नाहीस हं. एमिलच्या हातात द्यायची. त्यानेच माझ्या अंगावर लावायची."

"देतो," डेल म्हणाला. 

मार्चमध्ये ती गेली. अंत्यदर्शनाला पेटी ठेवतात त्या दफनगृहाच्या गालिचा घातलेल्या खोलीत आम्ही गेलो, तेव्हा लोक शेवटचं दर्शन घेऊन तळघरात जेवायला उतरले होते. पेटीजवळ एमिल एकटाच उभा होता, ढगळ कोटातला हडकुळा म्हातारा. डेलने मोजा उलगडला आणि पदक पुढे केलं.

"तिने सांगितलं होतं, तुमच्याच हातात द्यायचं," तो म्हणाला. "ही... नक्कल आहे."

एमिल पदकाला हात लावेना.

"तुम्ही तो भला माणूस काय," तो म्हणाला. "दर रविवारी सांगायची मला. एमिल, एक भला माणूस आला होता, बाबांच्या पदकाची नक्कल घेऊन. दर रविवारी, न चुकता. आणि मी समोर बसून डोनट खायचो. वाटायचं, बरं झालं, हिला खरंच वाटलं." त्याने शेवटी पदक घेतलं आणि खिडकीच्या उजेडात कड फिरवली. "हे बघा."

"पकडीचे वण आहेत," डेल म्हणाला.

"दात आहेत. तिचे दुधाचे दात. सोनं आहे का बघायला चावली होती. बाबा आल्यागेल्याला दाखवायचे, माझ्या पोरीने बँकेच्या आधी तपासून घेतलंय म्हणून." तो डेलकडे वळला. "तिने हातात घेतलं होतं का हे? कडेवरून बोट फिरवलं?"

डेलने होकारार्थी मान हलवली.

"थांबली का कुठे?"

"थांबली," मीच म्हटलं. "दोनदा."

एमिलने डोळे मिटले. मग म्हणाला, "त्या हिवाळ्यात खाण बंद होती. घरात तान्हं पोर होतं. बाबांनीच काढून दिलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. तिला मात्र कधी सांगू शकलो नाही." तो बहिणीवर वाकला. तिच्या निळ्या पोशाखावर मंडळाची फीत होती, काळ्या बाजूने वर. त्याने तिच्याखाली पदक लावलं. टाचणी दोनदा बोटात घुसली. आम्ही मदतीला पुढे झालो नाही.

डेल माझ्या कानाशी म्हणाला, "मला वाटत होतं, मी तिच्याशी खोटं बोललो. नोरीन, वर्षभर तीच माझ्यासाठी आणि एमिलसाठी खोटं बोलत होती."

दफनगृहाचा माणूस झाकणापाशी आला. "तुम्हाला एकट्याला थोडा वेळ हवा असेल तर मी बाहेर थांबतो," तो हळू आवाजात एमिलला म्हणाला.

"नको," एमिल घाईघाईने म्हणाला. "एकट्याला नको. या दोघांनाही थांबू दे. लावा झाकण." झाकण लागेपर्यंत तो तिथे उभा राहिला, आणि ते पुरतं बसलं तसे त्याने आपले दोन्ही रिकामे हात उघडून आमच्यासमोर धरले.