सदतीस मुलांचा एक नंबर

आमच्या शाळेत संगणक आले तेव्हा सगळ्यात आधी शिवणाच्या बाईंचा वर्ग गेला. लालबागच्या त्या इमारतीत रिकामी खोली नव्हतीच, आणि शिवण हा विषय सर्वांत गरीब. सहा शिलाई मशिनं जिन्याखाली गेली आणि त्यांच्या जागी चार संगणक बसले. संगणकांवर धूळ बसू नये म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, शिवणाच्या बाईंनाच कव्हरं शिवायला सांगितली. बाईंनी ती शिवून दिली, चक्क झालर लावून. एवढा सभ्य निषेध मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

उद्घाटनाला वॉर्डातले एक पुढारी आले. नारळ फुटला, मॉनिटरला हळदकुंकू लागलं. पुढाऱ्यांनी बटण दाबलं आणि काहीही झालं नाही, कारण नारळाचं पाणी आत जाईल या धास्तीने मी मेन स्विच बंदच ठेवला होता. टाळ्या मात्र पडल्या. काय व्हायला हवं होतं हे कुणालाच माहीत नसल्याने काही झालं नाही हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी मराठीचा शिक्षक. संगणकांची खोली माझ्याकडे आली, कारण अख्ख्या शाळेत टायपिंगची परीक्षा दिलेला मी एकटा होतो. शाळेच्या बाकांची, घंटेची आणि पृथ्वीच्या गोलाची नोंद असते त्या डेडस्टॉक रजिस्टरात चार संगणकांपुढे माझी सही घेतली. त्या सहीने मला घाबरट केलं. काही बिघडलं तर विचारणार मला, या एका विचारातून मी नियम काढत गेलो. चपला दाराबाहेर. खडू आत नाही. ओले हात नाहीत. विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही. वर्गात साठ मुलं, म्हणजे एका संगणकापुढे पंधरा. त्यातलं एक बसणार आणि चौदा बघणार. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं चपला काढण्यात आणि पुन्हा आपापल्या शोधण्यात जात. आठवीची मुलं माऊसचं चित्र सुबक काढत, बाण दाखवून नावं देत, आणि त्यातल्या निम्म्यांनी तो हातात धरलेला नसे. परीक्षेत सगळे पैकीच्या पैकी.

"सर, हे चालू कधी करणार?" एका मुलीने विचारलं होतं.

"आधी भाग पाठ करा," मी म्हणालो.

मी त्याला शिस्त म्हणत होतो. भीतीला बरं दिसणारं नाव द्यायची सवय शिक्षकाला लवकर लागते.

ते चार संगणक कुणी हात न लावता एकेक करून बंद पडले. मग नवे आले. मग प्रोजेक्टर आला, बोटाने लिहायचा पांढरा फळा आला, वर्गाबाहेर 'डिजिटल वर्ग' अशी पाटी लागली. दर खेपेला नारळ, भाषण आणि माझी सही. आणि दर खेपेला नवं यंत्र वर्षभरात वर्गातून ऑफिसकडे सरकायचं. कारण मार्क ऑनलाइन भरायचे होते, हजेरी भरायची होती, शिष्यवृत्ती, गणवेश, वजन, उंची. मुलांनी संगणकावर बसावं म्हणून तो आणला होता, आणि आता मुलांना त्याच्यात भरायचं काम माझ्याकडे होतं.

टाळेबंदीत तर खोलीला कुलूपच लागलं आणि शाळा फोनवर गेली. पालकांच्या नंबरांची यादी काढली तेव्हा कळलं की निम्मे नंबर मेलेले आहेत. रिचार्ज संपला की लोक दुसरं सिम घेत, आणि शाळेला कळवायचं कुणाच्या ध्यानात येणार? शाळा पुन्हा भरली तरी ही सवय राहिली. इकडे प्रत्येक वेबसाइट प्रत्येक मुलामागे एक चालू नंबर मागू लागली. त्यावर ओटीपी येणार, तो टाकला तरच पुढचं पान उघडणार. पालकांचा फोन लागत नाही, तारीख उलटून चाललेली. तेव्हा मी एका मुलासमोर माझाच नंबर टाकला. तात्पुरता. मग दुसऱ्यासमोर. पुढे पुढे ज्यांचे फोन लागत होते त्यांच्यासमोरही, ओटीपीची वाट बघायला नको म्हणून. साइट एका नंबरावर कितीही मुलं घेत होती. त्या वर्षी अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे फॉर्म शाळेने भरून दिले, तेव्हा दहावीच्या सदतीस मुलांचा नंबर मी होतो. मोठ्या बाईंनी स्टाफच्या बैठकीत माझं कौतुक केलं. मलाही ते आवडलं, हे कबूल करायला हवं.

त्या सदतिसांत डिलाईल रोडच्या चाळीतली एक मुलगी होती. विज्ञानात वर्गात पहिली. वडील बसचे कंडक्टर, मूळचे मालवणकडचे. फॉर्म भरायचे दिवस सुरू झाले तेव्हा ते ड्युटी संपवून खाकीतच शाळेच्या गेटवर आले.

"सर, तिचं कॉमर्सच टाका."

"ती सायन्स म्हणते."

"म्हणूदे. सायन्स म्हटलं की क्लास आले, प्रॅक्टिकल आलं, पोर घरी येणार सातला. आणि झेपलं नाय तर? माझ्या भावाच्या मुलानं बारावीत सोडलं. आता तो घरात कोणाशी बोलत नाय, सर. जेवणाचं ताट घेऊन आतल्या खोलीत जातो." ते निघाले, मग मागे वळले. "मी येऊन गेलो ते तिला सांगू नका. रडत बसेल."

दाखल्यावर सही बापाची असते, असं मी मनाशी म्हटलं आणि कॉमर्स टाकून फॉर्म लॉक केला. मुलीला विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघांच्या मध्ये उभं राहावं लागलं असतं, आणि मला त्या आठवड्यात अजून छत्तीस फॉर्म होते.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला साइट बंद होणार होती. साडेचारला ती मुलगी संगणकाच्या खोलीच्या दारात आली. मैत्रिणीबरोबर फॉर्मची प्रिंट काढायला गेली होती, ती हातात होती.

"सर, माझ्या फॉर्मवर कॉमर्स कसं आलं?"

मी प्रिंट हातात घेऊन अशी पाहिली की जणू पहिल्यांदाच पाहतोय.

"बाबा आले होते ना?" ती म्हणाली.

मी प्रिंटची घडी घातली.

"मला वाटलंच. सर, मी बाबांना बारा वेळा सांगितलंय. मला सायन्सच पाहिजे. मला लॅबमध्ये काम करायचंय. तुम्ही मला एकदा तरी विचारायचं ना."

आवाज चढला नव्हता. रडतही नव्हती. ती रडली असती तर समजूत काढून तिला घरी पाठवता आलं असतं.

प्रिंट नुसत्या अर्ज क्रमांकावर निघे, पण लॉक केलेला फॉर्म बदलायला उघडायचा तर ओटीपी लागणार होता आणि तो माझ्या फोनवर येणार होता. त्या दुपारी माझ्या फोनची काय अवस्था होती ते सांगायला हवं. शेवटचा दिवस म्हणून मुलं परळपासून माझगावपर्यंतच्या सायबर कॅफेंत बसून आपापले फॉर्म उघडत होती, आणि प्रत्येकाचा ओटीपी माझ्याकडे येत होता. सहा आकडे, नाव नाही. पाठोपाठ फोन.

"सर, आला काय?"

"कोण बोलतंय?"

"मी, सर!"

"मी म्हणजे कोण रे?"

"अहो सर, मी! लवकर सांगा ना, इकडे मागे लाइन आहे."

चारपासून मी असे आकडे वाटत होतो आणि कुणाचे कुणाला जात होते देवाला ठाऊक. साइटचा नियम असा की तीनदा चुकीचा आकडा टाकला की तो फॉर्म दोन तास बंद. आम्ही तिच्या फॉर्मसाठी पहिला आकडा टाकला. चूक. दुसरा टाकला. तोही दुसऱ्याच कुणाचा. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. आता चुकलं तर साइट सहाला बंद होणार आणि कॉमर्स कायम.

मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: 'पाच मिनिटं कुणीही ओटीपी मागवू नका.' त्यावर अकरा अंगठे आले, एका आजोबांचं गुलाबाचं फूल आलं, आणि एका पालकांनी विचारलं, 'का सर?'

तिने ओटीपी मागवायच्या बटणावर बाण नेऊन ठेवला. "दाबू, सर?"

"थांब."

फोन वाजला. तिचे वडील. मी पडद्यावरचं नाव तिला दिसणार नाही असा फोन वळवला, पण तिने पाहिलं होतंच.

"सर, ग्रुपवर मेसेज बघितला. आमच्या मुलीचं काय अडलं नाय ना? लॉक केलेलं आहे ना?"

"हो," मी म्हणालो. "लॉक आहे."

त्या क्षणी ते अगदी खरं होतं. तीस वर्षं मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावून मी हे वाक्य तयार केलं होतं. फोन ठेवला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्या बाजूने खोटं बोललोय की तिच्याशी खोटं वागतोय, हे तिला ठरवता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. फोन खिशात ठेवून 'आता काही होणार नाही, बाळ' म्हणायची सोय अजून होती. दोन वेळा चुकलंय, साइट मंद आहे, कुणालाही पटलं असतं.

"दाब," मी म्हणालो.

काही सेकंद काहीच आलं नाही. मग एकामागोमाग दोन मेसेज आले. कुणीतरी ग्रुप वाचला नव्हता.

"पहिला सांगा," ती म्हणाली.

"कशावरून पहिला?"

"कशावरूनच नाही, सर. पण एक तर टाकायलाच लागणार ना?"

मी पहिला वाचला. तिने तो आकडा माझ्याकडून परत म्हणून घेतला. एकेक आकडा टाकला. साइटवरचं ते गोल चक्र इतका वेळ फिरलं की मी खोलीतला पंखा बघायला लागलो. मग पान उघडलं.

पुढचं सगळं तिने स्वतः केलं. विज्ञान शाखा निवडली. परळ आणि दादरची, चालत जाता येतील अशी कॉलेजं वरती, मग माटुंगा, शेवटी शीव. मी बाजूला उभा होतो. तिची बोटं कीबोर्डवर न बघता चालत होती. ती माझ्या खोलीत शिकलेली नव्हती, एवढं नक्की. पाच पस्तीसला फॉर्म लॉक झाला आणि ती "थँक्यू सर" म्हणून गेली.

वडिलांना मी त्या दिवशी फोन केला नाही. उद्या सांगू असं म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. यादी लागायला नऊ दिवस होते आणि ते नऊही दिवस मी रस्त्यावर लाल बस दिसली की दुकानाच्या पाट्या वाचायला लागत असे. तिला कुठेच जागा मिळाली नाही तर? मिळाली आणि झेपलं नाही तर? तो ताट घेऊन आतल्या खोलीत जाणारा मुलगा मी पाहिलेला नव्हता, पण तो मला दिसायचा.

यादीच्या दिवशी सकाळी माझा फोन सदतीस वेळा वाजला. अर्ज क्रमांक जुळवत जुळवत तिचा मेसेज सापडला. विज्ञान. शीवचं कॉलेज, शेवटच्या पसंतीचं. फोनवर सांगायची हिंमत होईना म्हणून चिंचपोकळीचा पूल उतरून चालत डिलाईल रोडला गेलो. तिसरा मजला. गॅलरीत तिची आई तांदूळ निवडत होती. मला बघून तिने आत हाक मारली, "अहो, सर आलेत." वडील बनियनवर बाहेर आले. मुलगी दारामागे उभी.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलंय," मी सुरुवात केली.

"तिनं त्याच दिवशी सांगितलं," ते म्हणाले. "घरी आल्या आल्या. आमचं दोन दिवस भांडण चाललं. मी तुमच्या फोनची वाट बघत होतो, सर. नऊ दिवस."

मला बसायला खुर्ची दिली होती, तरी मी उभाच राहिलो. मी मेसेज उघडून फोन पुढे केला. त्यांनी तो लांब धरून सावकाश वाचला.

"शीव," ते म्हणाले. मग मुलीकडे न बघता, "उद्याची सुट्टी टाकलीय मी. कुठलंही आलं असतं तरी जाणारच होतो प्रवेशाला."

आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली, पण भराभर.

"एक सांगू, सर? राग मला कॉमर्स-सायन्सचा नाय," ते फोन परत देत म्हणाले. "पोर माझी, आणि तिचं काय झालं ते आधी तुमच्या खिशात वाजतं. मी घरात बसून बाहेरचा. हा नंबर बदला. आत्ता. माझा टाका."

मी शाळेचं लॉगिन उघडलं. जुन्या नंबरावर एक ओटीपी आला, तो मी टाकला. नव्या नंबरावर दुसरा गेला. तो त्यांनी वाचून दाखवला, एकेक आकडा, बसचे स्टॉप पुकारल्यासारखा. नंबर बदलला. आईने चहा ठेवते म्हटलं, मी नको म्हटलं, तिने ठेवला.

चहा घेताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी उठून चष्मा शोधला, लावला, मेसेज वाचला, पुन्हा वाचला आणि फोन लेकीकडे दिला.

"काय आलं?" मी सवयीने विचारलं.

"आमचं आहे," ते म्हणाले.