मोरिता-सानच्या वाफ्यातली अकरा झाडं

एका हिवाळ्यात मी शेजारणीची अकरा धडधाकट झाडं मेली म्हणून जाहीर केली होती.

तेव्हा आम्ही जपानमध्ये, ग्योतोकुला भाड्याच्या घरात राहायचो. (आता कंपनीने कोबेला टाकलंय.) शेजारी मोरिता-सान, पंच्याहत्तरीच्या आजी, एकट्याच. त्यांच्या दारासमोर चटईएवढा फुलांचा वाफा होता. तो त्यांच्या नवऱ्याने लावलेला. एकदा लावलं की वर्षानुवर्षं आपणहून फुलणारी झाडं त्याने पंधरा वर्षं निवडून निवडून जमवली होती: मागे शाकुयाकु, म्हणजे वाडग्याएवढी गुलाबी फुलं, मध्ये निळ्या चांदण्यांचं किक्यो, पुढे रुंद पानांची गिबोशी. उंच मागे, बुटकी पुढे. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. आजी रोज सकाळी त्या वाफ्याशी बोलायच्या, आणि ते बोलणं झाडांशी नसायचं हे मला भाषा न येताही कळायचं.

नोव्हेंबरात आजी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागोयाला मुलाकडे निघाल्या. जाताना वाफा आमच्यावर सोपवला. माझी बायको अनघा इथे नोकरी करते, तिचं जपानी चांगलं. तिने समजावून घेतलं.

"माती कोरडी वाटली तरच पाणी द्या म्हणतायत," ती म्हणाली.

"एवढंच? त्यांना म्हणावं, निर्धास्त जा," मी म्हणालो.

तीन आठवड्यांत झाडं पिवळी पडली. मी पाणी वाढवलं. ती तपकिरी झाली. मग मी तांदळाचं धुवण घातलं, चहाचा चोथा घातला, एका रविवारी ताकाचं पाणीसुद्धा घातलं. समोरचे गृहस्थ कुत्रा फिरवताना थांबून वास घेऊन गेले. डिसेंबरात वाफ्यात फक्त काड्या उरल्या.

पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. आईच्या गॅलरीतला मोगरा बारा महिने हिरवा असतो, त्यामुळे झाडांबद्दल तिचा शब्द आमच्यात अखेरचा.

"नखाने काडी खरवड," आई म्हणाली. "आत हिरवं आहे?"

"नाही."

"मग गेलं ते. दुसरी बघ."

"बाकीची पण?"

"दाखव. नाही रे, सगळीच गेली. काय केलंस काय तू?"

अकरा काड्या खरवडल्या, अकराही कोरड्या. मला खरोखर रडू आलं. एका बाईने वाफ्यात उरलेला आपला नवरा माझ्या हवाली केला होता आणि मी त्याला ताक पाजून मारलं होतं.

"मोरिता-सानना फोन करून सांगू या," अनघा म्हणाली.

"ऑपरेशन झालंय त्यांचं आत्ताच. त्या यायच्या आत तश्शीच झाडं आणून लावू. कळणारसुद्धा नाही."

"तू ताक घातलंस तेव्हाच मी तुला थांबवायला हवं होतं."

"विरजण तूच लावलं होतंस."

शनिवारी आम्ही बागकामाच्या दुकानात गेलो. मी फोनवर फुलांचे फोटो धरून हिंडत होतो. एका कोपऱ्यात तीच नावं सापडली, पण कुंड्यांमध्ये नुसती माती! प्रत्येक कुंडीत एक काठी, काठीवर फुलाचा सुंदर फोटो.

"बघ," मी अनघाच्या कानात म्हणालो, "यांचीही मेली. तरी विकतायत."

"मग आता?"

"आता जिवंत दिसेल ते घ्यायचं."

जिवंत दिसत होता तो शोभेचा कोबी. जांभळा, पांढरा, टवटवीत. अकरा गड्डे घेतले. काड्या मुळांसकट खणून काढल्या, गड्डे ओळीत लावले. मंडईतला गाळा शोभावा असं दृश्य होतं. जुनी मुळं फेकायला गेलो तर कचऱ्याच्या नियमांत माती बसेना. ओल्यात नाही, जळाऊत नाही, कशातच नाही. मुळांना चिकटलेल्या मातीसकट दोन पोती आमच्या एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे दडवली आणि मी सुटलो.

मार्चच्या अखेरीस कपडे वाळत घालायला गेलेली अनघा तशीच आत आली.

"पोत्यातून बोटं आलीयत," ती म्हणाली.

लाल, जाड, रसरशीत कोंब! पोतं फाडून वर आले होते. ती मेली नव्हतीच. थंडीत ती जमिनीत जातात आणि वसंतात वर येतात, एवढीच त्यांची पद्धत, आणि हे ग्योतोकुतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि मोरिता-सान दुसऱ्याच दिवशी येणार होत्या.

त्या काठी टेकत आल्या आणि वाफ्यापाशी थांबल्या. कोबी एव्हाना कमरेइतका वाढून पिवळा फुलला होता. मी दोन्ही पोती ओढत आणली आणि तोडक्यामोडक्या जपानीत म्हणालो, "मी मारली. ती मेली नाहीत. माफ करा." अनघाने माझं जपानी सावरायचं सोडून डोळे पुसले.

आजी खाली वाकल्या, एका कोंबाला बोट लावलं आणि हळूच म्हणाल्या, "ओकाएरी." घरी परत आलेल्या माणसाला म्हणतात ते.

मग पुनर्लागवड. कुठलं मूळ कुठलं, हे आता कोणालाच सांगता येईना. अंदाजाने लावली. जूनमध्ये उंच किक्यो पुढे आलं, गिबोशी मागे उन्हात करपली. नवऱ्याचा पंधरा वर्षांचा क्रम मी एका दुपारीत उधळला होता.

"ते असते तर चिडले असते," मोरिता-सान अनघाला म्हणाल्या. मग तोंडावर हात धरून हसल्या. "किक्यो पुढे लावा, असं मी त्यांना कायम सांगायचे. कधी ऐकलं नाही."

पुढच्या हिवाळ्यात अनघा बहिणीच्या डोहाळजेवणाला पुण्याला गेली होती. एका सकाळी बघतो तो उघड्या वाफ्यात लाकडाची छोटी सुबक पाटी, आणि तिच्यावर पहिलाच शब्द माझं आडनाव. जपानी लिपीत मला तेवढंच वाचता येतं. मी गहिवरलो. पाटीशेजारी उकिडवा बसून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: "मोरिता-साननी वाफ्याला माझं नाव दिलं." आईने हात जोडले. काकांनी लिहिलं, "ऊर भरून आला."

पाच मिनिटांनी अनघाने भाषांतर टाकलं: "जोगळेकर-सान, आम्ही झोपलो आहोत. कृपया उपटू नका."

फोटो मी तत्काळ काढून टाकला. पण तोवर काकांनी तो त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला होता, वर मथळा देऊन: "जपानमध्ये मराठी माणसाच्या नावाने उद्यान."