ऑल्टनला पप्पांना मोजायचं राहिलं

नमस्कार. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता ते मनातल्या मनात खोडूनही काढतेय. आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे, उतारा, लिंबू-मिरची यातलं काहीच आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. "डोळ्याला दिसंल आणि बुद्धीला पटंल तेवढंच मानायचं," हे पप्पांचं वाक्य ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज वाटतेय ती पप्पांचीच.

पप्पा कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते. चौतीस वर्षं. मी विठ्ठलवाडीला नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले, आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट झाले आणि आज ठाण्यात कोलशेतला एका कंपनीत बऱ्या पगारावर आहे, ते केवळ या माणसामुळे.

रेल्वेच्या माणसांना वर्षाला कुटुंबासकट फिरायचा फुकट पास मिळतो. पप्पा दरवर्षी तो काढायचे, आणि काढायचे तो लांबात लांब. कन्याकुमारी, गुवाहाटी, जम्मू. मग संध्याकाळी टाइमटेबल उघडून मला सांगायचे — इथे इंजिन बदलतं, इथे वीस मिनिटं थांबते, इथे पाणी भरून घ्यायचं. आणि दरवर्षी पासची मुदत तशीच संपायची. कधी माझी परीक्षा, कधी आईचं ऑपरेशन, कधी शेडमध्ये माणसं कमी. एकदाच गेलेलो आम्ही, नागपूरला. मी चौथीत होते. उतरायच्या आधी पप्पांनी दारात उभं राहून मोठ्याने मोजलेलं : "आई, प्रज्ञा, ट्रंक, बाटली… आणि मी. चला, उतरा!" स्वतःला शेवटी मोजायचे. डब्यातली माणसं हसली होती. पप्पा म्हणाले, "हसू दे. गाडीत मागं राहिलेलं परत मिळत नाय."

कोविडच्या आधीच्या वर्षी मी पैसे साठवून दोघांसाठी युरोपचा रेल्वे पास घेतला. पंधरा दिवस, कुठलीही गाडी, किती वेळाही. आईला विमानाची भीती, ती "तुम्हीच जा बापलेक" म्हणाली. तेव्हा कागदी पास असायचा. त्याच्या पाकिटावर एक तक्ता छापलेला. प्रत्येक गाडीत बसण्याआधी आपणच पेनाने लिहायचं — तारीख, वेळ, कुठून, कुठे. पप्पांना ते फारच आवडलं. शर्टाच्या खिशात पास घालून ते दोन दिवस घरात फिरले.

जायच्या आठ दिवस आधी बाथरूममध्ये घसरले. पायाला प्लास्टर.

मी सगळं रद्द करायला निघाले, तर पप्पा भडकलेच. "आयुष्यभर माझे पास वाया गेले. हा नाय जायचा. तू जायचं!"

"एकटी जाऊन काय करू पप्पा?"

"एकटी कशाला? माझा पास घेऊन जा. तुझ्या पासवर लिहिशील तसं माझ्याही पासवर लिही. गाडी, टाइम, सगळं. मी इथून येतो बरोबर."

आई म्हणाली, "लंगड्या पायानं कुठं निघालात?"

"पासला पाय लागत नाय," पप्पा म्हणाले.

आम्ही तिघंही हसलो. मी दोन्ही पास घेतले.

पहिल्या दिवशी फ्रँकफर्टहून कोलोनला जाताना मी दोन्ही तक्ते भरले. खिडकीजवळची सीट रिकामी ठेवली, तिच्यावर काहीच ठेवलं नाही. टीसी आला, माझा पास पाहिला, शिक्का मारला आणि हात पुढे करून तसाच उभा राहिला. रिकाम्या सीटकडे बघत. मी गोंधळून पप्पांचा पास दिला. त्याने शिक्का मारला, सीटकडे बघून मान लववली आणि पुढे गेला. मला वाटलं, माझ्या हातात दोन पास दिसले असतील, म्हणून.

दोन दिवसांनी ब्रसेल्सच्या गाडीत एक बाई टीसी होत्या. मी पप्पांचा पास काढायला लागले तर त्या हळू आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "असू दे, झोपू द्या त्यांना."

मी त्याचाही अर्थ लावला — इंग्रजी त्यांचीही भाषा नाही, माझीही नाही. काहीतरी वेगळं म्हणायचं असेल.

त्या दिवशी फोनवर पप्पा म्हणाले, "आज जरा डोळा लागला गं गाडीत. समोरचा म्हातारा बघितलास? उकडलेलं अंडं चाकूनं कसं सोलत होता, एक टरफल खाली पडू दिलं नाय!"

म्हातारा होता. अंडं होतं. मी फोटो पाठवला असेल असं धरून चालले. नंतर फोन पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधला… असा फोटो मी काढलेलाच नव्हता.

आईचं वेगळंच चाललेलं. "अगं, दुपारी हाक मारली तर ओ देत नाहीत. डोळे उघडे, पण माणूस जागेवर नाही. तासाभराने आपोआप ठीक होतात." मी म्हटलं, दुखण्याच्या गोळ्यांची गुंगी असेल. डॉक्टरांना विचार. डॉक्टरही तेच म्हणाले.

आणि रोज उतरताना मी मोजायचे. पप्पांनीच बजावलं होतं, "मोजल्याशिवाय उतरायचं नाय, आणि मला धरून मोजायचं." मग मी दारात उभी राहून हळूच म्हणायचे, "प्रज्ञा, सॅक, बाटली, पप्पा. चला, उतरा." परक्या देशात मराठी बोलायला तेवढंच एक निमित्त.

दहाव्या दिवशी मी स्वित्झर्लंडमध्ये बील नावाच्या गावी होते. तिथून लुझर्नला जायचं, मध्ये ऑल्टनला गाडी बदलायची. आदल्या दिवशी मी पप्पांना सांगितलेलं, "ऑल्टन म्हणजे इथलं कल्याण. सगळ्या लाइनी तिथे फुटतात." झालं! सकाळी सकाळी पप्पांचा फोन. ऑल्टनला शेड आहे का, प्लॅटफॉर्म किती, आपण तिथे तासभर थांबू, मला जंक्शन बघायचंय, मला खिडकी दे, काल मधली सीट दिलीस…

काल गाडीला गर्दी होती. खिडकी मिळालीच नव्हती. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी घाबरले असेन, किंवा दहा दिवस एकटीने सामान ओढून नुसती दमले असेन. पण मी ओरडले. "पप्पा, बास ना आता! तुम्ही इथे नाही आहात. तुम्ही घरी आहात, कल्याणला, पलंगावर. इथे मी एकटी फिरतेय. एकटी!"

पप्पा हसले. "हो गं बाळा. बरोबर आहे तुझं. उगीच त्रास दिला तुला."

ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

गाडीत बसले. सवयीने दोन्ही तक्ते भरले. सवयीने खिडकी रिकामी ठेवली. ऑल्टनला गाडी बदलायला सहा मिनिटं होती. मी अजून स्वतःवरच चिडलेली, सॅक उचलली आणि धावत उतरले. मोजलं नाही. लुझर्नची गाडी पकडली आणि फक्त माझ्या पासवर लिहिलं. ऑल्टनच्या पुढचा प्रवास पप्पांच्या पासवर लिहिलाच नाही.

लुझर्नच्या गाडीतला टीसी तरुण होता. माझा पास बघितला, परत दिला. मी दुसरा पास हातात धरून बसलेले. त्याने तो मागितलासुद्धा नाही. जाता जाता म्हणाला, "सीटवरची बॅग वर ठेवा प्लीज, ही सीट रिकामी आहे ना?"

मी बॅग मांडीवर ओढून घेतली. आणि लगेच आईचा फोन आला. "प्रज्ञा, पप्पा बोलत नाहीत गं. एक तास झाला. ते परत येतच नाहीत."

'परत येत नाहीत' हे शब्द आईचे आहेत. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचं झुरिकहून विमान मिळालं. त्याआधी मी उलटी ऑल्टनला गेले. का गेले, विचारू नका. मी सायन्सची विद्यार्थिनी. त्याच प्लॅटफॉर्मवर उभी राहिले, बीलकडून तीच गाडी आली, दारं उघडली, आणि मी मोठ्याने म्हटलं, "प्रज्ञा, सॅक, बाटली, पप्पा. चला, उतरा!" माणसं वळून बघत होती. एक सायकलवाला उतरला, दोन बायका उतरल्या. दारं मिटली. गाडी झुरिकच्या दिशेने निघून गेली.

त्यानंतर कळवा आणि मुंबई, दोन्हीकडचे मोठे डॉक्टर झाले. एक म्हणाले, बारीकसा स्ट्रोक. दुसरे म्हणाले, स्कॅनमध्ये तसं ठळक काही नाही. पप्पा जेवतात, भरवलं तर. चालतात, धरलं तर. शेजारच्या पाटीलकाकू एकदा आईला म्हणाल्या, "बाई, एकदा बाहेरचं बघून तरी घे." आई म्हणाली, "आमच्यात नसतं ते." दार लावून घेतलं आणि मग ओट्याशी उभी राहून खूप वेळ रडली. मी तिला ऑल्टनचं अजूनही सांगितलेलं नाही. ती हे वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय.

लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा मी पप्पांना दिवसभर बघायला लागले. ते खुर्चीत बसतात ते एका बाजूला सरकून, शेजारी जागा ठेवून. मधूनच पाय आत घेतात, कुणाला तरी जायला वाट दिल्यासारखे. मान हळूहळू एकीकडून दुसरीकडे फिरते, खिडकीबाहेरचं काही मागे जाताना बघावं तशी. त्यांच्या समोर भिंत आहे.

आणि रोज दुपारी, दोनच्या आसपास, ते दचकतात. शर्टाचा खिसा चाचपतात. मग पँटचे खिसे, मग परत शर्टाचा. कपाळावर घाम येतो. चौतीस वर्षांत विठ्ठलवाडी ते कल्याण एवढंसुद्धा जो माणूस विनातिकीट गेला नाही, तो माणूस…

मला वाटलं, एवढं तरी मला करता येईल. त्यांचा पास मी जपून ठेवला होता. एका सकाळी तो त्यांच्या खिशात ठेवला. दोन वाजता त्यांनी खिसा चाचपला, पास लागला. ऑल्टननंतर त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी उमटलेलं मी बघितलं. त्यांनी पास काढला आणि हात लांब करून पुढे धरला. वाट बघत राहिले.

मग हात हळूहळू खाली आला. त्यांनी पासवरची तारीख बघितली. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचावं तशी. पास घडी करून खिशात ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली. माझ्या कॉलेजच्या फीसाठी मुदत मागायला प्रिन्सिपॉलसमोर उभे राहायचे, तशी.

पास पंधरा दिवसांचा होता.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. डॉक्टरांचं मी ऐकलंय, ते चूक म्हणायची माझी लायकी नाही. कुणी म्हणेल, पोरीच्या मनातली टोचणी आहे. असेल. मी ती टीसीबाई आणि ते अंडं सोडून बाकी सगळं त्यात बसवून बघितलंय.

पास मी त्यांच्या खिशातून काढू शकले नाही. त्यांना खुर्चीतून पलंगावर न्यायच्या आधी मी समोर उभी राहते आणि मोजते. "आई, प्रज्ञा, बाटली, पप्पा. कल्याण आलं. चला, उतरा."

ते पाय आत घेतात. मला जायला वाट देतात.