अणुभट्टीत कुठली आली वाफ?

बाप काय काम करतो ते बघून मुलीचं उत्तर चूक ठरवायचं असतं का?

माझे पप्पा अंबरनाथच्या एमआयडीसीत बॉयलर अटेंडंट होते. भारनियमनाची वर्षं होती. भर दुपारी पंखा थांबला की म्हणायचे, "कुठेतरी वाफ कमी पडली बघ." त्यांच्या लेखी वाफेशिवाय वीज नव्हतीच. सहामाहीच्या पेपरात वीजनिर्मितीच्या प्रश्नाला मीही बिनधास्त लिहिलं: कोळशाच्या वीजकेंद्रात टर्बाइन वाफेवर फिरतं, अणुकेंद्रात वाफेवर आणि धरणावरही वाफेवर.

विज्ञानाच्या सरांनी तिन्ही ओळींवर एकच लाल रेघ ओढली आणि उत्तर वर्गाला वाचून दाखवलं. "अणुभट्टीत कुठली आली वाफ? बॉयलरवाल्याची पोरगी ही, हिला सगळीकडे बॉयलरच दिसणार!" वर्ग हसला. वर्गाबरोबर मीही हसले, याची चीड अजून गेलेली नाही.

संध्याकाळी पप्पांनी कंपनीचे कपडेही न बदलता माझ्या पुस्तकातला धडा दोनदा वाचला.

"धरणाचं चुकलं गं. तिथे वरून पडणारं पाणीच पाती फिरवतं. पवनचक्की वाऱ्यावर. सौरपट्टीला तर फिरणारं काही लागतच नाही. मीच तुला चुकीचं शिकवलं." मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "पण अणूच्या उष्णतेनं पाण्याची वाफच करतात की! कोळशाचंही बरोबर आहे. मग हे का कापलं?"

दुसऱ्या दिवशी कामाची पाळी बदलून घेऊन ते शाळेत आले.

"अहो, दोन मार्कांसाठी सुट्टी टाकली?" सर म्हणाले.

"मार्क राहू द्या, सर. माझी चूक मी हिच्यासमोर कबूल केली. तुम्ही तुमची वर्गासमोर करा."

"तुम्ही तुमचा बॉयलर सांभाळा. शिकवायचं आम्ही बघतो."

पप्पांनी पुस्तकाचं ते पान त्यांच्यासमोर उघडून ठेवलं. सरांनी वाचलं, खाली मान घालून दोन गुण वाढवले आणि पेपर माझ्याकडे सरकवला. वर्गात मात्र अवाक्षर नाही. शाळा कायमची सुटेपर्यंत माझं नाव 'बॉयलर'च राहिलं. ज्याच्या हातात लाल पेन, त्याने माफी मागायला नको?

तुमच्या घरातला तपासलेला पेपर आज काढा. लाल रेघेखालचं उत्तर पुस्तकाशी ताडून बघा. बरोबर निघालं तर मुलीला घेऊन शाळेत जा, आणि नुसते गुण घेऊन परत येऊ नका. वर्गासमोर उच्चारलेला शब्द वर्गासमोरच मागे घ्यायला लावा.