तव्यावरची पहिली भाकर

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी हिंगणघाटहून वर्ध्याला एसटीनं निघाले होते. सामाजिक आरोग्य आणि पोषण या विषयात एम.एस्सी. करायचं होतं, त्याचा अर्ज द्यायला. शेजारी एक भाजीवाली बसली होती. मांडीवरच्या वांग्यांच्या टोपलीवरचं ओलं फडकं ती सारखं नीट करत होती.

"काय शिकाले चालली वं माय?"

"कोणी काय खावं, किती खावं, ते."

ती हसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घरात मी सगळ्यायच्या मागून जेवतो. एक डाव मले दुसऱ्या कोणी थापलेली, तव्यावरची गरम भाकर खावीशी वाटते."

वायगावला ती उतरली.

मला प्रवेश मिळाला, पुढं नोकरीही लागली. अजून तव्यावर पहिली भाकर फुगली, की माझी नजर दाराकडे जाते.