धारणीची पार्बताबाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि मी न सांगितलेली गोष्ट म्हणजे आमच्या मोर्णा नदीत सापडलेला देवमासा समजा. मध्यप्रांत आणि वऱ्हाड मिळून माझ्याएवढा बोलणारा माणूस नव्हता, हे माझी बायकोही कबूल करायची — आणि ती माझं बाकी काहीच कबूल करत नसे. तरी हे एवढं राहिलं. का राहिलं? थांबा, सांगतो. लगेच नाही जमत.

माझा धंदा मनाच्या दुखण्याचा. अकोल्याच्या जुन्या शहरात एका अत्तरवाल्याच्या माडीवर मी बसायचो. लोक डाक्तर म्हणत, मी म्हणू देत असे. सांगायचो की वेड्यांच्या इस्पितळात गोऱ्या साहेबाच्या हाताखाली नऊ वर्षं शिकलो. हाताखाली होतो, हे खरं — साहेबाच्या किल्ल्यांचा जुडगा धरायचो. वर्षं तीन. पण किल्ल्या धरून उभं असलेल्याला फार दिसतं. दुखऱ्या माणसाला समोरून प्रश्न विचारला की तो मिटतो. शेजारी बसून आभाळाकडे पाहत राहिलं की तासाभरात तो आपणहून उघडतो. म्हणून मी खोलीत खुर्ची ठेवलीच नाही, बाक ठेवला. आधी कपाशीचं विचारायचं, मग पोरासोरांचं, मग गप्प बसायचं. गप्प! मी! पण बसायचो.

आणि सगळ्यात शेवटी माझं हुकमी औषध — ‘तुमच्यासारखाच एक होता.’ एका पाटलाला वाटे, सारं गाव आपल्याला हसतं. त्याला मी असा माणूस सांगितला, ज्याला त्याचे बैलसुद्धा हसत. पाटील पोट धरून हसला आणि बरा होऊन गेला. आपल्याहून जास्त होरपळलेलं कुणीतरी नीट जगतंय, एवढं कळलं की माणूस सावरतो. ही माणसं कुठली? कुठलीच नाहीत. सगळी माझ्याच तोंडाला झालेली लेकरं. यात वाईट काय, असं मी स्वतःला विचारायचो — आणि उत्तराला थांबायचो नाही.

अनुसयाबाई नदीकाठच्या माळ्याची बायको. त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा होता. चार वर्षांची तुळसा मळ्यातल्या विहिरीत गेली, तेव्हा ही दहा पावलांवर फुलं तोडत होती, विहिरीकडे पाठ करून. चार मंगळवार ती बाकावर येऊन बसली, बोलली नाही. पाचव्या मंगळवारी बोलली.

“मले आवाज आलता, डाक्तर. मले वाटलं, बादली पडली. मी फुलं तोडतच रायली.”

इथे गप्प बसायचं होतं. माझी सगळी विद्या म्हणजे तेच. पण ती शांतता मला सोसली नाही, तोंड आपोआप उघडलं — तुमच्यासारखीच एक बाई आहे, धारणीकडे, पार्बताबाई. तिचीही पोरगी विहिरीत गेली, तिलाही आवाज आला होता. आता बरी आहे. एक डोळा जरा तिरपा, दोन शेळ्या पाळल्यात... धारणी कशी सुचली? रस्ता असा, की गाडीची चाकं आज पोचतात आणि गाडी परवा. म्हटलं, कोण मरायला जातंय तिकडे?

“झोप येते का तिले?”

“येते.”

“मंग मले भेटाचं हाये. बादलीचा आवाज आला तं आता काय करते, एवढंच इचाराचं हाये.”

पुढच्या आठवड्यात मी अमरावतीला होतो. महिन्यातून एकदा तिथेही बसायचो. मोटारी सुटतात तिथे ती दिसली. सोबत दीर, नामदेव. काखेत बोचकं, हातात हिरवा कोरा खण. खण कुणासाठी, हे मला कुणी सांगायला नको होतं. वीस पावलं चालून ‘बाई, अशी कुणी नाही’ एवढं म्हणायचं — बस. मी काय केलं? संत्र्यांच्या बैलबंडीमागे उकिडवा बसलो. मोटार धूळ उडवत परतवाड्याकडे गेली, तेव्हा उठलो. बंडीवाला पाहत होता, म्हणून चार संत्री घेतली.

पुढे नामदेव एकटाच माडी चढून आला. बसला नाही.

“पाच दिवस फिरलो, डाक्तर. मोटार, मंग बंडी, मंग पायदल. तिरप्या डोयाची बाई इचारली तं लोकं हासत. अशी बाईच नाही तिकडं. वयनी म्हणे, डाक्तरले सांगू नोका, त्यायले वाईट वाटन. पण म्या सांगतलं. आता तुमी पाहा.”

मंगळवारी ती आली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “भेटली. खण आवडला तिले.”

काय बोलायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय ना? मलाही कळत होतं. मी म्हणालो, “वाटलंच मला.” आणि वर विचारलं — होय, विचारलं — “शेळ्या कशा आहेत?”

ती हलकेच म्हणाली, “बऱ्या हायेत. एक व्याली.”

माझ्या बाकावर बसून तिने माझीच काळजी घेतली. मी ती घेऊ दिली. नंतर ती आली नाही.

त्याच मंगळवारी दुपारी नांदगाव खंडेश्वरचा एक म्हातारा आला, मुलगा गमावलेला. मी म्हणालो, “तुमच्यासारखीच एक बाई होती, अकोल्याची. धारणीला गेली, तिथे तिला पार्बताबाई भेटली, दोघी रडल्या, आता रात्रभर झोपते.” माझ्या सगळ्या गोष्टींत खरी बाई ही एवढीच, आणि तिलाही मी खोटं करून टाकलं. वीस वर्षं ही बनवलेली गोष्ट सांगितली. ऐकणारे सावरत गेले. माझं नाव झालं.

मळा माझ्या माडीपासून हाकेच्या अंतरावर होता. कधीकधी पुलावरून ती दिसायची. फुलं तोडत असायची, विहिरीकडे तोंड करून. बादलीचा आवाज आला की ती काय करते, हे विचारायला मी एकदाही पूल उतरलो नाही.